तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीचा मेडिक्लेम आहे, मग वेगळी पॉलिसी कशाला?

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मी टीपीए डेस्कवर बसते (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था). कॅशलेसचे, म्हणजे हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीने थेट भरावं यासाठीचे, कागद जिथे जमा होतात आणि जिथे सगळ्यात जास्त आवाज चढतो, ती खिडकी. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या जिन्यात, नुकती नोकरीला लागलेली मुलं मला गाठतातच. “ताई, कंपनीचा मेडिक्लेम आहे. तरी स्वतःची पॉलिसी काढू का? आणि काढायची तर कुठल्या कंपनीची?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. परवडत असेल तर काढा. (पगार २१,००० च्या आत असेल आणि ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जात असेल, तर आधी ते कार्ड नीट वापरायला शिका. हप्त्यासाठी उधारी करू नका.)

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम वाईट नसतो. बऱ्याच ठिकाणी त्यात पहिल्या दिवसापासून जुने आजारही धरलेले असतात, जे बाहेर सहसा मिळत नाही. पण नोकरी सुटली की तोही सुटतो. स्वतःच्या पॉलिसीत मात्र थांबायचा काळ असतो. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. हर्निया, मुतखडा, मूळव्याध असल्या ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं. एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४ वर्षांची होती. हे मोजणं पॉलिसी सुरू झाल्यावरच सुरू होतं. पंचविशीत, कंपनीचं छत्र डोक्यावर असताना ही वर्षं सरली तर जाणवतही नाहीत. पस्तिशीत, शुगर निघाल्यावर, चांगलीच जाणवतात.

दुसऱ्या प्रश्नाला मी कंपनीचं नाव सांगत नाही. त्याऐवजी सांगते, की पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग (सगळ्या अटींचा कागद) मागवा आणि त्यात ‘रूम रेंट’ शोधा. जाहिरातीच्या पानावर पाच लाख, दहा लाख मोठ्या अक्षरांत असतं. माझ्या खिडकीवरची भांडणं मात्र खोलीच्या भाड्यावरून होतात.

समजा ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याला रोज एक टक्क्याची मर्यादा, म्हणजे ३,००० रुपये. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, चार दिवस राहिलात आणि आईला सोबत झोपता यावं म्हणून ६,००० ची सिंगल रूम घेतलीत. खोलीचे झाले २४,०००. सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर) मिळून ६०,०००. औषधं आणि तपासण्या ३०,०००. एकूण १,१४,०००. माणसाला वाटतं, खोलीचे वरचे १२,००० भरले की सुटलो. तसं होत नाही. खोली हक्काच्या दुप्पट घेतली, म्हणून सर्जन-ओटीच्या रकमेचेही निम्मेच मिळतात. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही. हातात पडतात ७२,०००, खिशातून जातात ४२,०००. वर हातमोजे, मास्क, ॲडमिशन किट यांचे वेगळे. ‘माझी तर ३ लाखांची पॉलिसी आहे’ हे वाक्य मला तेव्हा ऐकावं लागतं. जिथे खोलीनुसार डॉक्टरांचे दर बदलत नाहीत तिथे ही कपात करता येत नाही, पण मोठ्या हॉस्पिटलांत बहुधा ते बदलतात. म्हणून खोलीला मर्यादा नसलेली, निदान साधी सिंगल रूम मान्य करणारी पॉलिसी घ्या. हप्ता थोडा जास्त बसला तरी.

आता फॉर्म. एजंट म्हणतो, “थायरॉईडची एकच तर गोळी आहे, कशाला लिहिताय?” लिहा. सिगारेट ओढत असाल तर तेही लिहा. तुम्ही लपवलंत तरी तुमची आई लपवणार नाही. ॲडमिशनच्या वेळी ज्युनिअर डॉक्टर विचारतो, “आधीचा काही आजार?” आणि माउली भाबडेपणाने सांगते, “लहानपणापासून दमा आहे हो याला.” ते केसपेपरवर उतरतं, केसपेपर विमा कंपनीकडे जातो आणि तिथून प्रश्नांची यादी येते. सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय असल्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पण ती पाच वर्षं जीव टांगणीला कशाला लावायचा?

बाकीचं पटकन सांगते. आईबाबांना तुमच्याच फ्लोटरमध्ये (सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी) घालू नका. त्यात सहसा हप्ता सगळ्यात मोठ्याच्या वयावर ठरतो. त्यांची वेगळी काढा. मोठी रक्कम महाग पडत असेल तर ५ लाखांवर सुपर टॉप-अप (वर्षाचा खर्च त्या रकमेच्या वर गेला की लागू होणारी जोड-पॉलिसी) जोडा. कर वाचवायला म्हणून घेत असाल, तर आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची (८०डी म्हणून ओळखली जाणारी) वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे.

आणि हो, डिस्चार्जला उशीर का होतो, हेही सगळे विचारतात. २०२४ च्या नियमाप्रमाणे विमा कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. पण हे तीन तास हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर सुरू होतात, आणि आमच्याकडे बिल तयार होईपर्यंतच जेवणाची सुट्टी होते. सकाळी राउंडला डॉक्टर “आज घरी जा” म्हणाले, तरी घरच्यांना संध्याकाळीच बोलवा.

पॉलिसी हातात आली की नाव, जन्मतारीख आणि लिहून दिलेले आजार तपासा. नको वाटली तर ३० दिवसांत परत करता येते. कार्डाचा फोटो घरातल्या कुणाला तरी पाठवून ठेवा. अपघाताचा पेशंट येतो तेव्हा पॉलिसी त्याच्या फोनमध्ये असते, आणि फोनचं लॉक घरात कुणालाच माहीत नसतं.