प्रिएने ते तेओस: ग्रीक नगरांनी दगडावर जपलेला राजांचा शब्द

तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावरील प्राचीन ग्रीक नगरांचे अवशेष बहुतेक प्रवासी स्तंभ आणि नाट्यगृहे पाहण्यासाठी पालथे घालतात. आम्ही ही यात्रा आखली ती या नगरांचे त्यांच्यावर सत्ता गाजवणाऱ्या राजांशी असलेले संबंध समजून घेण्यासाठी, आणि त्याच हेतूने निघणाऱ्यांसाठी हा वृत्तांत लिहीत आहे.

सुरुवात प्रिएनेपासून करावी. सोके शहरातून ग्युल्ल्युबाहचे या खेड्यापर्यंत दोल्मुश म्हणजे सामायिक मिनीबस जाते. तिथून पुढचा चढ पायी चढावा लागतो, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे आणि पाणी बरोबर ठेवावे. मिकाले डोंगराच्या उतारावर अथेनाच्या देवालयाचे पाच स्तंभ पुन्हा उभे केलेले आहेत. हे देवालय राजा अलेक्झांडरने अर्पण केल्याचा लेख त्याच्या भिंतीवर होता. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने नोंदवले आहे की जवळच्या एफेसस या मोठ्या नगराच्या लोकांना अलेक्झांडरने असाच प्रस्ताव दिला, तेव्हा एका देवाने दुसऱ्या देवाला दान देणे शोभत नाही, असे सांगून त्यांनी तो विनयाने टाळला. प्रिएने लहान नगर होते. त्याने राजाचे नाव भिंतीवर घेतले आणि त्याच भिंतीवर आपल्या हिताची कागदपत्रेही कोरली. त्यांतील अलेक्झांडरच्या आज्ञापत्रात नाउलोखोन येथे राहणाऱ्या प्रिएनेकरांना स्वायत्तता आणि त्यांच्या जमिनी-घरांचा हक्क दिलेला आहे, नगराला वर्गणीतून, म्हणजे राजाला द्यायच्या सक्तीच्या रकमेतून, सूट दिलेली आहे, आणि त्याच लेखात आसपासची काही जमीन राजा स्वतःची म्हणवून तिथल्या रहिवाशांवर खंडणी बसवतो. माझ्या मते या संपूर्ण संबंधाचे मर्म या एका दगडात आहे: स्वातंत्र्य खरे असे, पण ते देणारा राजा असे. हा मजकूर आज्ञेनंतर सुमारे अर्धशतकाने कोरला गेला, तेव्हा अलेक्झांडर हयात नव्हता आणि सत्ता त्याच्या सेनानींपैकी एक असलेल्या लायसिमाकसकडे होती. जुन्या राजाने दिलेला शब्द नव्या राजाच्या नजरेसमोर राहावा, ही नगराची दूरदृष्टी मला विलक्षण वाटते. मूळ दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यामुळे लेखांचे भाषांतर घरूनच वाचून जावे, नाहीतर या जागेचे महत्त्व कळणार नाही. देवालयानंतर खालच्या चौकोनी सभागृहात थोडा वेळ अवश्य बसावे. सुमारे 640 माणसांच्या या जागेत राजाकडे कोणते दूत पाठवायचे, कोणाला मुकुट अर्पण करायचा, यावर खल होत असे.

मिलेतसचे अवशेष सखल गाळजमिनीत असल्याने पावसाळी हिवाळ्यानंतर काही भागांत पाणी साचते. एप्रिलअखेर ते मे किंवा ऑक्टोबर हा काळ सोयीचा. इथले सभागृह तिमार्कोस आणि हेराक्लाइदेस या भावांनी अलेक्झांडरनंतर या प्रदेशात सत्तेवर आलेल्या सेल्युकस घराण्यातील राजा अंतिओखस चौथा याच्या वतीने बांधून दिले. त्याआधी, इ.स.पू. 299 च्या सुमारास, पुढे राजा झालेल्या अंतिओखस पहिल्याने एक लांबलचक स्तंभगृह दिले होते आणि त्याच्या भाड्याचे उत्पन्न दिदिमाच्या देवालयाच्या बांधकामाला लावून दिले होते.

दिदिमा जवळच आहे. इराण्यांनी नेलेली अपोलोची कांस्यमूर्ती त्या घराण्याचा संस्थापक सेल्युकस पहिल्याने इराणमधील एकबाताना येथून परत पाठवली ती याच देवस्थानाला. दुपारी इथे पर्यटकांच्या बसगाड्यांची गर्दी होते, त्यामुळे दिदिम गावात मुक्काम करून सकाळी जाणे उत्तम.

तेओस मात्र वेगळ्या दिशेला, इझमीरच्या नैऋत्येस सिग़ाजिकजवळ आहे. उत्तरेकडील पेर्गामॉन राज्याचा राजा अत्तालस पहिला याच्या वर्गण्यांनी हे नगर टेकीस आले होते. इ.स.पू. 203 च्या सुमारास सेल्युकस घराण्यातील अंतिओखस तिसरा तिथे आला, लोकसभेत गेला आणि नगर पवित्र, अनाक्रमणीय व करमुक्त असल्याचे त्याने जाहीर केले. नगराने त्याची आणि राणी लाओदिकेची मूर्ती मद्याचा देव डायोनिसस याच्या मूर्तीशेजारी बसवली. राणीच्या नावाने चौकात पाण्याचे कारंजे बांधायचे ठरले आणि नववधूंच्या स्नानाचे पाणी तिथूनच न्यावे, असा ठराव झाला. याला निव्वळ खुशामत म्हणणे मला पटत नाही, कारण ज्याला देवाशेजारी बसवले त्याला दिलेला शब्द मोडणे अवघड जाते. तरीही अंतिओखस रोमकडून हरला आणि इ.स.पू. 188 च्या तहानंतर तेओस पुन्हा पेर्गामॉनच्याच राजाकडे गेले. इथे फारसे फलक नाहीत आणि ऑलिव्हच्या बागांतून बरेच चालावे लागते, पण हेर्मोगेनिस या वास्तुविशारदाच्या डायोनिसस-देवालयाचा चौथरा आणि प्राचीन बंदर पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

मिलेतसला सार्वजनिक वाहने विरळ आहेत, म्हणून सोके किंवा दिदिम येथून गाडी भाड्याने घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. भारतीय पासपोर्टधारकांकडे वैध अमेरिकी, ब्रिटिश किंवा शेंगेन व्हिसा असल्यास तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. इतरांनी दूतावासामार्फत बराच आधी अर्ज करावा. मिलेतसचे भव्य बाजारद्वार बर्लिनच्या पेर्गामॉन म्युझियममध्ये आहे, मात्र ते संग्रहालय 2023 पासून दुरुस्तीसाठी बंद असल्याने युरोपमार्गे जाणाऱ्यांनी त्याची स्थिती तपासूनच बर्लिनचा थांबा ठरवावा.