शिबिर नाताळात, माणसं उसात

पुण्याहून केजला जायचं तर बार्शी, येरमाळा, कळंब हा रस्ता जवळचा. पण आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या चालकाने येरमाळ्याला गाडी डावीकडे, बीडच्या हायवेला घातली. विचारलं तर म्हणाला, "सरमकुंडीचा खवा नेला नाही तर बायको दारात उभं करायची नाही." झालं! ह्यूस्टनहून आलेले दोन प्लास्टिक सर्जन, लहान मुलांचा एक भूलतज्ज्ञ आणि तीन नर्सबाई सरमकुंडी फाट्यावर कढईसमोर उभ्या राहून गरम पेढे खात होत्या. विमानतळावर बाटलीबंद पाण्याशिवाय कशाला हात न लावणारी मंडळी ही. पुढे चौसाळा, मग मांजरसुंबा, तिथून उजवीकडे केज. दवाखान्यात पोचायला अंधार पडला.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लेकरांची ओळख पटायला नको. केज-धारूर पट्ट्यातला एक धर्मादाय दवाखाना आहे, एवढं पुरे. दुभंगलेले ओठ, टाळू आणि भाजून आखडलेले हात-मान यांचं मोफत शस्त्रक्रिया शिबिर दरवर्षी नाताळच्या सुट्टीत तिथे भरतं. मी पुण्यात भूलतज्ज्ञ, माहेर परभणीचं. त्यामुळे माझ्याकडे दोन कामं: भूल देणं, आणि दोन्हीकडचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचवणं. दुसरं जास्त दमवतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी सातलाच व्हरांडा भरला होता. मफलर, कानटोप्या, गोधडीत गुंडाळलेली बाळं, आणि जवळपास प्रत्येक लेकराचं नाक गळतंय. शिबिरात सगळ्यात जास्त शिव्या भूलतज्ज्ञ खातो, त्याचं कारण हे नाक. सर्दी झालेल्या लेकराला भूल दिली तर स्वरयंत्र अचानक आवळलं जाण्याचा धोका वाढतो, मग हवा आत जात नाही. अशा वेळी दोन-तीन आठवडे थांबा म्हणायचं असतं. पुण्यात मी ते सहज म्हणते. इथे थांबून काय करणार? तोवर टीम ह्यूस्टनला पोचलेली असते. डॉक्टरांना नाताळात सुट्टी मिळते आणि मराठवाड्यात तेव्हा हवा गोड असते, म्हणून शिबिर थंडीत. नाकंही थंडीतच गळतात.

आणि ऊसही थंडीतच तुटतो.

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दिवाळीच्या आगेमागे इथली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस गैरहजर राहिलं तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. लहान लेकरं बरोबर नेतात, कारखान्याच्या आसपास कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. थोडक्यात, आमचं शिबिर ज्यांच्यासाठी, ते शिबिराच्या वेळी शेकडो किलोमीटर लांब असतात. गावात म्हातारी माणसं असतात. म्हणूनच व्हरांड्यात आज्या जास्त आणि आया कमी.

आलेल्या आयांपैकी एक लक्षात राहिली. आठ महिन्यांची पोर, वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत उघडा. टेंभुर्णीच्या बाजूच्या फडावरून रात्रभर एसटी बदलत आलेली. "मालक तिकडं अर्ध्या कोयत्यावर हायेत, म्याडम. मुकादम सारखा फोन लावतोय. लवकर करा." सासू शेजारीच होती. तिने मला बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं: सुनेनं गिराण पाळलं नाही, भाजी चिरली. पोरीच्या जन्मापासून त्या बाईने हे किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. मी आजीला खाली बसवलं आणि सांगितलं, की बाळाचा ओठ पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. साधारण 700 जन्मांमागे एका लेकराचा ओठ किंवा टाळू असा राहतो, आणि ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही राहतो. हे सर्जन लोक तिकडे हेच करतात दिवसभर. आजी म्हणाली, "तिकडंबी?" मग थोडा वेळ गप्प बसली. पटलं की नाही सांगता येत नाही.

संमतीच्या कागदावर अंगठा लावताना सुनेने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "फकस्त ओठाचंच ना? माज्या पिशवीला हात नाय ना लावायचा?" ह्यूस्टनच्या नर्सला याचं भाषांतर करून सांगितलं, तर तिला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तिला 2019 सालचं प्रकरण सांगावं लागलं. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं सरसकट काढली जात असल्याचं गाजल्यावर सरकारने समिती नेमली. 82 हजारांच्या वर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा नको, पांढऱ्या पाण्यावर उपचार नको, एकदाच काय ते काढून टाका. या जिल्ह्यात 'ऑपरेशन' हा शब्द कानावर पडल्यावर बाई आधी स्वतःचं पोट धरते. फुकट म्हटलं तर जास्तच. आम्ही पांढरे कोट घालून फुकट ऑपरेशन करायला आलेलो. तिने विचारलं हे बरंच झालं.

पोरीचं वजन पाच किलो दोनशे. ओठासाठी जुना ठोकताळा आहे: 10 आठवडे वय, 10 पौंड वजन, 10 ग्रॅम हिमोग्लोबिन. पौंडांचं जमलं, हिमोग्लोबिन जेमतेम. नाक कोरडं! उपाशी ठेवायच्या सूचना मी तीन वेळा दिल्या: अंगावरचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध-चहा-बिस्किट सहा तास, साधं पाणी दोन तास. चहा म्हणजे जेवण नव्हे अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. आदल्या वर्षी "नुसता चहाच पाजला" म्हणून दोन केसेस पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. भुलेत पोटातलं वर आलं आणि फुप्फुसात गेलं तर ओठ राहतो बाजूला.

टेबलावर घेतल्यावर मास्क लावला, गोडसर वासाचा गॅस दिला, पोर दोन मिनिटांत ढिली पडली. नळी घालून ती बरोबर मधोमध, खालच्या ओठावरून हनुवटीकडे वळवून चिकटवायची. जरा एका बाजूला ओढली गेली तरी ओठ वाकडा दिसतो आणि सर्जनचं माप चुकतं. मग सर्जनने चाकू न उचलता बारीक निबने निळे ठिपके द्यायला घेतले. ओठाची लाल कड कुठे संपते, मधला खळगा कुठे, त्याची दोन टोकं कुठे. एकेक ठिपका देऊन मोजायचा, पुसायचा, पुन्हा द्यायचा. लाल कड जुळवताना एक मिलिमीटर चुकला तर तो आयुष्यभर समोरच्याला दिसतो. कापण्यापेक्षा ठिपक्यांनाच जास्त वेळ लागतोय की काय असं वाटलं. मध्येच लाइट गेली. जनरेटर उचलेना. मॉनिटर बॅटरीवर टिकटिक करत होता, मी हाताने फुगा दाबत राहिले. सर्जनच्या कपाळावरच्या दिव्यात ते इवलंसं तोंड तेवढं उजेडात. लाइट आली तेव्हा त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी त्याने आपोआप विरघळणारे टाके मागितले. तरुण सर्जनने विचारलं, नायलॉन का नाही, व्रण बारीक राहील. थोरल्याचं उत्तर: "नायलॉन सहाव्या दिवशी काढायला कोण आहे?" हा गृहस्थ या भागात पूर्वीही आलेला. मला या शिबिरांबद्दल ज्या शंका आहेत, त्यांतल्या अर्ध्या त्या एका वाक्याने मिटल्या. उरलेल्या अर्ध्या आहेतच.

उदाहरणार्थ टाळू. दुभंगलेली टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत शिवली तर बोलणं सुधारण्याची आशा चांगली. उशीर झाला की आवाज नाकात अडकतो, शाळेत पोरं चिडवतात, पोरगं बोलायचंच बंद होतं. पण टाळूच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आणि श्वासाची जोखीम जास्त, नंतर बोलण्याचा सराव महिनोन् महिने. चार दिवसांच्या शिबिरात सावध सर्जन ती कमीच घेतो, ते बरोबरच आहे. शिवाय ओठाचा आधीचा-नंतरचा फोटो निघतो, टाळूचा निघत नाही. देणगीदारांसमोर भिंतीवर लावायला ओठच लागतो. हे मी आयोजकांनाही बोलून दाखवलंय, त्यांना ते आवडत नाही.

मराठवाड्याला परदेशातून येणारा सर्जन काही नवा नाही. डॉ. शरदकुमार दीक्षित ब्रुकलिनहून वर्षानुवर्षं येत राहिले. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गेलं, हृदयविकार, अपघाताने आलेलं अपंगत्व, तरी गळ्याला यंत्र लावून बोलत एकामागून एक शस्त्रक्रिया करायचे. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 मध्ये ते गेले. आजही एखादा म्हातारा आमच्या शिबिराला 'दीक्षितांचं शिबिर' म्हणतो. जगभरातही हीच रीत होती. ऑपरेशन स्माइलची सुरुवात 1982 मध्ये फिलिपिन्समधल्या नागा शहरात अशाच एका फेरीतून झाली, आणि तिथे दारातून परत पाठवावी लागलेली मुलंच पुढच्या कामाचं कारण ठरली. 1999 मध्ये निघालेल्या स्माइल ट्रेनने उलटी वाट धरली: डॉक्टर विमानाने पाठवण्याऐवजी तिथल्याच डॉक्टरांना शिकवायचं, पैसे द्यायचे आणि बारा महिने काम चालू ठेवायचं. मला विचाराल तर बारमाही कामच खरं. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही 2013 पासून आहे, त्यात दुभंगलेला ओठ-टाळू येतो, पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात. पण लेकरू त्या दिवशी अंगणवाडीत हवं ना.

जेवणाचं लिहायचं राहिलं. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, रात्री येसराची आमटी. ह्यूस्टनचा भूलतज्ज्ञ धपाट्यांवर इतका खूश, की स्वयंपाकाच्या मावशींनी त्याला जाताना बांधून दिले. एका संध्याकाळी शेतात हुरड्याचं आमंत्रण होतं. मी गेले नाही, एक लेकरू शुद्धीवर यायला वेळ घेत होतं.

आठ महिन्यांच्या त्या पोरीची आई दुसऱ्याच दिवशी निघाली. दोन्ही हातांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या, म्हणजे कोपर वाकून बोटं ओठाला लागू नयेत. बाटली बंद, वाटी-चमचा. हे सगळं तिने ऐकून घेतलं, माझ्याकडून मलमाची ट्यूब घेतली आणि एसटी पकडली. परतीच्या वाटेवर टेंभुर्णी येणारच होतं, म्हणून तिच्याकडून ठिकाण लिहून घेतलं होतं.

कोप्या हायवेपासून आत, कालव्याच्या कडेला. जखम स्वच्छ होती. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर आईने जुन्या लुगड्याचं कापड शिवून घेतलेलं, घासू नये म्हणून. हे आमच्यातल्या कोणाला सुचलं नव्हतं. मी जखम बघत असताना पाच-सहा पोरं भोवती जमली. त्यांतला सहा-सात वर्षांचा एक मला काहीतरी विचारत होता, सगळे शब्द नाकातून, एकही कळेना. बाकीची पोरं त्याची नक्कल करायला लागली. बॅटरी लावून तोंडात बघितलं: टाळू पूर्ण उघडी. ओठ अखंड, त्यामुळे वरून काही दिसायचं कारणच नाही. त्याच्या आईला विचारलं, केजजवळचं शिबिर माहीत होतं का? "न्हाई ओ. कव्हा असतंय?" शिबिराचं पत्रक तिच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं होतं. दिवाळीनंतर.

पुण्याला पोचल्यावर मी आयोजकांना फोन केला. शिबिर पाडव्यानंतर घ्या म्हटलं. ते म्हणाले, एप्रिलात अमेरिकेतून कोणी येत नाही, चाळीसच्या वर पारा. मी म्हटलं, नका येऊ देत. बरीच हुज्जत झाली. शेवटी असं ठरलंय: नाताळचं शिबिर राहील तसंच राहील, पण एप्रिलच्या मध्यावर एक छोटं शिबिर फक्त टाळूंचं आणि सर्दीमुळे परत गेलेल्यांचं. पुण्याचे दोन सर्जन तयार आहेत, वाक्-उपचार करणारी एक मुलगी पंधरा दिवसांनी एकदा व्हिडिओवर सराव घेणार आहे. ह्यूस्टनच्या थोरल्या सर्जनने त्यांची अवजारं दवाखान्यातच ठेवून दिलीत, आणि जुलैत एका स्थानिक सर्जनला त्याच्याकडे शिकायला बोलावलंय.

अडलंय ते जनरेटरवर. एप्रिलच्या उन्हात ऑपरेशन थिएटरचा एसी चालायला हवा आणि आताचा जनरेटर दिव्यांनाच दमतो. इलेक्ट्रिशियन 25 केव्हीएचा सांगतोय. बीड, लातूर किंवा अंबाजोगाईत कोणी आठवडाभर भाड्याने देणारं माहीत असेल तर कळवा. आणि तुमच्या भागात कारखान्यावर आलेल्या टोळीत असं लेकरू दिसलं, नाकातून बोलणारं किंवा ओठ उघडा असलेलं, तर त्याच्या आई-बापाचं गाव आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेवा. आई-बापाचे नंबर हंगामागणिक बदलतात, मुकादमाचा सहसा बदलत नाही.