डग्ग्याचं वजन स्पीकरमधून किती उतरतं?

वायरलेस स्पीकर घेण्याआधी लोक त्याचं रेकॉर्डिंग ऐकतात, पण कानावर येते ती बहुतेक वेळा रेकॉर्डिंग करणाऱ्या फोनची करामत. फोनमधला ऑटो गेन बारीक आवाज वर उचलतो, मोठा आवाज दाबतो. मग स्वस्त स्पीकर आणि महागडा स्पीकर जवळपास सारखेच वाजतात. मी स्पीकरची परीक्षणं करते, तेव्हा परळच्या माझ्या खोलीत माझ्या कानांना जे ऐकू आलं, तेच ऐकणाऱ्याच्या कानांपर्यंत पोचावं, एवढाच माझा हट्ट.

म्हणून दोन बारीक माईक मी स्वतःच्या कानांच्या तोंडाशी बसवते. याला बायनॉरल रेकॉर्डिंग म्हणतात. न्यूमनचं केयू 100 नावाचं कृत्रिम डोकं याच कामासाठी असतं, पण ते माझ्या आवाक्याबाहेरचं. डावीकडचा आवाज उजव्या कानाला मिलिसेकंदाहूनही कमी उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा मंद पोचतो. तेवढ्यावरून मेंदू आवाजाची जागा ओळखतो. मान हलली की सगळं चित्र हलतं, म्हणून मी समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत बसते. ऐकणाऱ्यांनी मात्र हेडफोन लावायलाच हवेत. फोनच्या स्पीकरवर याला काही अर्थ नाही.

दोन स्पीकरांची तुलना करायची तर आधी आवाजाची पातळी मोजून सारखी करायची. एखादा डेसिबल जास्त असला तरी तो स्पीकर ‘चांगला’ वाटायला लागतो, आणि हा भ्रम भल्याभल्यांना होतो. शिवाय प्रत्येक स्पीकर मी हळू आणि मोठ्या अशा दोन्ही आवाजांवर ऐकवते. बरेचसे छोटे स्पीकर हळू आवाजात बेस मुद्दाम फुगवतात आणि आवाज वाढवला की, आतला पडदा फाटू नये म्हणून, तोच बेस कापतात. दुकानात हे कळत नाही.

स्पीकरचं रेकॉर्डिंग शेवटची लोकल गेल्यावर. पंखा बंद, खिडक्या बंद, मे महिन्यात अगदी जीव नकोसा होतो. लोखंडी कपाट बेसबरोबर थरथरतं, त्याला गादी टेकवून ठेवते.

खरी कसोटी तबल्याची. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तबला वाजवतात. त्यांचं वादन मी एका सुट्टीच्या दुपारी दोन तऱ्हांनी रेकॉर्ड केलं: एक माईक तबल्याजवळ आणि दोन माझ्या कानांत. जवळच्या माईकचं रेकॉर्डिंग नंतर स्पीकरवर, काका बसले होते त्याच जागी ठेवून वाजवते आणि पुन्हा कानांतल्या माईकनी टिपते. ऐकणाऱ्याला आधी खरा तबला, लगेच स्पीकरमधला. मधे माझी बडबड नाही.

दायाँ, म्हणजे जोडीतला उजव्या हाताचा तबला, बहुतेक स्पीकर बरा वाजवतात. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे दायाँचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, सुरेल जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच दाखवलं होतं. हे उपस्वर छोट्या स्पीकरच्या सहज टप्प्यात येतात. अडतं ते डग्ग्यावर. मनगट घासत नेऊन काढलेली मींड, म्हणजे सरकत जाणारा स्वर, खाली उतरते तिथे छोट्या स्पीकरचा श्वास संपतो. उपस्वरांवरून आपला कान मूळ स्वर भरून काढतो, त्यामुळे ‘धा’ ओळखू येतो, पण छातीवर येणारा दाब येत नाही. काकांनी हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाले, “अगं, थाप आहे, पण हाताचं वजन कुठं गेलं?” यापेक्षा नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

कोडेकबद्दल, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीबद्दल, मला सारखं विचारतात. एलडॅक नावाचं कोडेक सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत जातं, साधं एसबीसी साधारण 328 पर्यंत. फरक आहे, पण एलडॅकसाठी फोन आणि स्पीकर दोन्हीत ती सोय लागते, आणि हातात मावणाऱ्या स्पीकरवर तो शोधत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा स्पीकर कुठे ठेवलाय ते बघा. तोच स्पीकर मी टेबलाच्या मधून उचलून भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला, तर डग्गा एकदम जाड झाला. मींड मात्र होती तिथेच अडली, वर सगळे ठोके एकमेकांत मिसळायला लागले. त्यामुळे आता प्रत्येक रेकॉर्डिंगखाली स्पीकरचं भिंतीपासूनचं अंतर, जमिनीपासूनची उंची आणि मोजलेली पातळी लिहिते. इतर परीक्षणं करणाऱ्यांनीही एवढं लिहावं, म्हणजे ऐकणाऱ्याला आपल्या घरातल्या जागेशी ताडून बघता येईल.