तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेला सांगायचं की नाही?

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. कुणाच्या तरी मैत्रिणीकडून माझा नंबर मिळालेला असतो. आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं, मग आवाज खाली येतो. "रिपोर्ट आलाय. डिस्लेक्सिया म्हणतात. शाळेला सांगू का हो? उगाच शिक्का बसायचा."

सांगा. पण नुसतं तोंडी सांगू नका.

उत्तर एवढंच. मला ते कळायला मात्र दीड वर्ष लागलं.

माझ्या लेकालाही डिस्लेक्सिया आहे, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना अडखळणं. तो चौथीत असताना त्याची श्रुतलेखनाची वही नीट बघितली. 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात'. वेलांटी पहिली की दुसरी, हे त्या दिवशीच्या लहरीवर. जोडाक्षर आलं की चक्क मोकळी जागा. खाली लाल शाईत 'सराव हवा'. सराव! रोज संध्याकाळी दोन तास तेच तर चाललं होतं, आणि शेवट रडण्यात व्हायचा, कधी त्याच्या, कधी माझ्या. हाच मुलगा हरभरे भिजत घालताना विचारायचा, "आई, ह्यांना भोक तर नाही, मग पाणी आत कुठून जातं?"

त्याच्या वर्गशिक्षिकांना मी चार-पाच वेळा भेटले. गेटपाशी, स्नेहसंमेलनात, एकदा तर रिक्षाच्या रांगेत. बाई मनाच्या चांगल्या. "हो हो, मी बघते," म्हणायच्या आणि बघायच्याही. पाचवीत बाई बदलल्या आणि आमची गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. नव्या बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार तरी कसं? जुन्या बाईंना सांगितलेलं त्यांच्याबरोबर दुसऱ्या वर्गात गेलं.

मग अर्ज लिहिला. दोन प्रती, एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. कारकून म्हणाले, "पोच कशाला ताई, आमच्यावर विश्वास नाही?" म्हटलं, "तुमच्यावर आहे हो, माझ्या विसराळूपणावर नाही." त्यांनी शिक्का मारला. लोक ज्या शिक्क्याला घाबरतात तो आमच्या लेकावर कधीच बसला होता, 'आळशी' म्हणून. हा निदान तारखेसकट होता.

अर्जात मागितलं काय? तीनच गोष्टी. श्रुतलेखनाचे गुण वर्गात मोठ्याने वाचू नयेत. धडा वाचायला उभं करायचं असेल तर कोणता परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगावं. परिसर अभ्यासाची काही उत्तरं तोंडी घ्यावीत. पैसे लागत नाहीत, जादा शिक्षक लागत नाही. पहिल्या अर्जात अख्खी यादी घालून मोकळे होणारे पालक मी पाहिलेत. मग शाळाही सगळ्यालाच एकदम 'नाही' म्हणून मोकळी होते.

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. "तुमच्या एकट्याला दिलं की उद्या चाळीस पालक दारात उभे राहतील." दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ची प्रत माझ्या पर्समध्ये होती. त्या दिवशी ती मी बाहेर काढली नाही. दुसऱ्या भेटीत काढली. त्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, जिच्यात डिस्लेक्सिया येतो, त्यातलाच एक. कलम 16 मान्यताप्राप्त शाळांनाही धरून आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखावीत, त्यांच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यावी, असं त्यात लिहिलंय. बाईंनी कलम दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "तोंडी परीक्षेचं बघू. बाकीचं उद्यापासून." बाई वाईट नव्हत्या, हे मला आज कळतं. त्यांनाही वरच्यांना दाखवायला कागदच हवा होता.

प्रमाणपत्राचं मात्र वेळेत बघा. खासगी समुपदेशकाचा अहवाल वर्गात उपयोगी पडतो, पण दहावीच्या सवलतींसाठी मंडळाला अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, नायर, केईएम ही पालिकेची रुग्णालयं त्यासाठी ओळखीची आहेत. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग शैक्षणिक चाचण्या, असे बरेच हेलपाटे होतात. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो. म्हणजे ज्यांनी शाळेपासून लपवलं, त्यांनाही नववी-दहावीत शाळेच्याच दारात यावं लागतं, आणि तेव्हा हातात वेळ नसतो.

आमच्याकडे तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक, दोन्ही मंजूर झालं होतं. मी खूश. शेजारचा नववीतला मुलगा लेखनिक म्हणून बसायला तयार होता, सरावही सुरू झाला. लेक सांगतोय, तो लिहितोय. "स्वल्पविराम. नाही, पूर्णविराम दे. अरे, 'प्रकाशसंश्लेषण' लिहिलंस ना नीट?" चौथ्या दिवशी रात्री लेक म्हणाला, "आई, मला लेखनिक नको. तो लिहितो तेव्हा मी परीक्षेला बसलोच नाही असं वाटतं. जादा वेळ तेवढा राहू दे."

सहा वर्षं त्याच्या वतीने भांडत होते, आणि त्याला विचारायचंच राहून गेलं होतं. मी वाद घातला, हे कबूल करते. मार्क जातील म्हटलं. म्हणाला, "जाऊ देत थोडे."

लेखनिक रद्द करायचा अर्ज मी लिहायला घेतला, तर त्याने कागद ओढून घेतला. चार ओळींना पाऊण तास लागला. 'क्रुपया' असं लिहिलं होतं आणि 'विनंती'ची वेलांटी चुकली होती. माझा हात लाल पेनाकडे जात होता, तो मागे घेतला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच कार्यालयात गेला. घरी आल्यावर दप्तरातून घडी घातलेली दुसरी प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. खाली पोच होती, तारखेसकट.