कॅमेऱ्याचं दुखणं निगेटिव्हवर दिसतं

माझ्या हॅसलब्लॅड ५०० सी/एम या फिल्म कॅमेऱ्याचं मॅगझिन, म्हणजे मागचा फिल्मचा डबा, काढलं की बॉडीच्या मागच्या कडेला नंबर दिसतो आणि त्याच्या आधी दोन अक्षरं, 'यूआर'. कंपनी कॅमेरा कोणत्या सालचा ते अक्षरांत लिहायची. व्ही, एच, पी, आय, सी, टी, यू, आर, ई, एस ही दहा अक्षरं म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि शेवटी ०. म्हणजे माझी बॉडी १९७८ची. मॅगझिनवर 'आरव्ही' आहे, ते १९८१चं. दोघं एका जन्माचे नाहीत, पण त्यानं काही बिघडत नाही. मॅगझिनचं बाहेरचं खोकं आणि आतला रोल धरणारा भाग मात्र एकमेकांचेच हवेत. दोन्हींवर शेवटचे तीन आकडे सारखे असतात. जुनं मॅगझिन घेताना मी आधी ते बघते आणि मगच बाकीचं.

हा कॅमेरा ज्यांच्याकडून आला त्यांनी अनेक वर्षं त्यावर पोर्ट्रेट आणि लग्नं काढली होती. कडांचा काळा रंग उडून पितळ दिसतंय, क्रँक, म्हणजे फिल्म पुढे नेणारी मूठ, धरायची जागा गुळगुळीत झालीय. अशा वापरलेल्या कॅमेऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती वीस वर्षं पेटीत बंद असलेल्या, ओरखडाही नसलेल्या कॅमेऱ्याची. आतलं ग्रीस सुकतं, फोमचा चिकट चुरा होतो, स्प्रिंगा आळसावतात, आणि बाहेरून काहीही कळत नाही.

या कॅमेऱ्यात बॅटरी नाही. मीटर नाही, दिवा नाही, बिघाड झाला तर इशारा देणारं काहीही नाही. तो फक्त निगेटिव्हवर बोलतो. म्हणून असा कॅमेरा सांभाळायचा असेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी निगेटिव्ह वाचायला शिकलं पाहिजे, आणि तेही पूर्ण पट्टी. फोटो कसा आलाय ते नंतर बघायचं. आधी फ्रेममधलं अंतर, कडा, फ्रेमच्या बाहेरची कोरी जागा. रोल सुकला की मी तो कापण्याआधी लाइट टेबलवर अख्खा आडवा टाकते आणि पहिल्या फ्रेमपासून बाराव्यापर्यंत नुसत्या कडा बघत जाते.

एका उन्हाळ्यात माझ्या रोलवर काही फ्रेमच्या एकाच कडेला काळसर पट्टा येऊ लागला. निगेटिव्हवर काळा म्हणजे प्रिंटवर पांढरा, म्हणजे लाइट लागलेला. आता हा प्रकाश आला कुठून? त्याचं उत्तर पट्टा कुठे संपतो यात आहे. काळेपणा फ्रेमची चौकट ओलांडून बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर पसरला असेल तर दोष बहुतेक रोलचा असतो. रोल सैल गुंडाळला गेला, किंवा काढताना-घालताना उजेडात उघडा राहिला. पण काळेपणा चौकटीच्या रेघेवर कापल्यासारखा थांबत असेल, तर प्रकाश फिल्मच्या पुढच्या बाजूने, चौकटीतून आत शिरलाय. माझा पट्टा चौकटीत थांबत होता, आणि नेहमी त्याच बाजूला होता जिथे डार्क स्लाइडची, म्हणजे फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पत्र्याची, फट असते.

खात्री करायला एक रोल खर्ची घातला. लेन्सवर कॅप. डार्क स्लाइड काढून फटीची बाजू कडक उन्हाकडे करून पाच मिनिटं ठेवलं. मग कॅप तशीच ठेवून बटन दाबलं आणि फ्रेम पुढे नेली. पुढच्या फ्रेमला उन्हातच स्लाइड दोन-तीनदा आत-बाहेर केली. तिसऱ्या फ्रेमला तेच, पण सावलीत. रोल धुतला तेव्हा पहिल्या दोन फ्रेमवर तोच पट्टा होता आणि तिसरी काचेसारखी स्वच्छ. आता शंका घ्यायला जागाच उरली नाही.

मॅगझिनच्या फटीजवळ एक अरुंद धातूची पट्टी असते. तिचे बारीक स्क्रू काढले की खाली घडी घातलेली पातळ फॉइल आणि तिला मागून रेटणारी फोमची पट्टी दिसते. स्लाइड बाहेर असताना ही फॉइल फट मिटवून धरते. माझ्या मॅगझिनमध्ये फोमचं काळं पीठ झालं होतं आणि फॉइलची घडी कायमची दबून गेली होती, त्यामुळे ती वर उचललीच जात नव्हती. जुना फोम लाकडी काडीने खरवडायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने चिकटपणा पुसायचा, कणभरही आत फिल्मच्या दिशेला जाऊ द्यायचा नाही. नवी फॉइल आणि फोम बसवून स्लाइड घातली तेव्हा हाताला आधी कधी न जाणवलेला घट्टपणा जाणवला. ते काम मला इतकं आवडलं की शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून दाखवलं.

तेव्हापासून दोन गोष्टी मी कटाक्षाने पाळते. स्लाइड घालताना ती सरळ, दोन्ही कोपरे एकदम आत जातील अशी घालायची. एक कोपरा आधी घुसवला की दुसऱ्या कोपऱ्याशी फॉइल उचलली जाते आणि तिथून प्रकाश आत जातो. आणि रिकामं मॅगझिन ठेवून देताना स्लाइड बाहेर काढून वेगळी ठेवायची, म्हणजे फोम महिनोन्महिने दबून राहत नाही.

फ्रेममधलं अंतर हा दुसरा आरसा. बारा फ्रेममध्ये साधारण सारखी कोरी जागा असली पाहिजे. थोडं कमी-जास्त चालतं, फिल्मच्या जाडीनेही फरक पडतो. पण दोन फ्रेम एकमेकींना चिकटू लागल्या किंवा एकमेकींवर चढल्या, तर मॅगझिनमधल्या गिअरना सफाई आणि तेल हवंय. हे काम मी घरी करत नाही.

फोकसचं दुखणं सगळ्यात फसवं. फोकस करायच्या काचेवर, म्हणजे स्क्रीनवर, डोळे लख्ख दिसतात आणि निगेटिव्हवर कान धारदार येतात. माणूस स्वतःच्या नजरेला दोष देत बसतो. या कॅमेऱ्यात आरशाच्या मागे फोमचे तुकडे असतात. ते बसले की आरसा टेकण्याची जागा किंचित बदलते. मग लेन्सपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर आणि लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर जुळत नाही. तपासायची रीत सोपी आहे. छापील कागद भिंतीवर न लावता पंचेचाळीस अंशात तिरका ठेवायचा, मधल्या एका ओळीवर खूण करायची. कॅमेरा ट्रायपॉडवर, ८० मिमीची प्लॅनार लेन्स तिच्या सगळ्यात जवळच्या अंतरावर, म्हणजे ०.९ मीटरवर, ॲपर्चर २.८. हूडमधलं भिंग उघडून खुणेच्या ओळीवर फोकस करायचा आणि फ्रेम घ्यायची. निगेटिव्ह लूपखाली, म्हणजे छोट्या भिंगाखाली, धरलं की कुठली ओळ खरी धारदार आलीय ते दिसतं. दुसऱ्या लेन्सनेही हेच करावं. दोन्ही लेन्सना सारखीच चूक आली तर दोष बॉडीचा, एकीलाच आली तर त्या लेन्सचा. 'सी/एम'मध्ये स्क्रीन आपल्याला बदलता येते, म्हणून आधीच्या मालकाने ती उलटी तर बसवली नाही ना हेही एकदा बघून घ्यावं.

शटर लेन्समध्येच आहे, बॉडीत नाही. त्यामुळे फ्लॅश १/५००पर्यंत कुठल्याही स्पीडला जुळतो, आणि म्हणूनच लग्न-स्टुडिओवाल्यांनी हा कॅमेरा इतकी वर्षं जपला. १९४८ साली आलेल्या पहिल्या १६०० एफमध्ये शटर बॉडीत होतं आणि ते त्रास देई. १९५७च्या ५०० सीने ते लेन्समध्ये नेलं. बटन दाबलं की आत एका रांगेत बरंच घडतं: उघडी लेन्स आधी मिटते, ॲपर्चर ठरवलेल्या आकड्यावर येतं, आरसा वर जातो, मागचे दोन पडदे उघडतात, आणि मग लेन्समधलं शटर उघडून मिटतं. तो मोठा 'खटाक' मुख्यतः आरसा आणि पडद्यांचा. फोटो त्याच्या नंतर होतो. मागचे पडदे बटन दाबून धरेपर्यंतच उघडे राहतात, म्हणून एक सेकंदाच्या फ्रेमला लेन्समधली घरघर पूर्ण थांबेपर्यंत बोट उचलायचं नाही. उचललं तर पडदे मध्येच मिटतात आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट येतं.

ती घरघर ऐकण्यासारखी असते. मॅगझिन काढून, खोलीत शांतता असताना, एक सेकंदावर ठेवून बटन दाबा. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हवा. मध्ये अडखळला, शेवटी रेंगाळला, की ग्रीस जड झालंय. तेव्हा हळू स्पीडवरच्या फ्रेम दाट, म्हणजे जास्त काळ्या येऊ लागतात आणि वेगवान स्पीडवरच्या ठीक असतात. निगेटिव्हवरची ही जोडी दिसली की हातातल्या मीटरवर संशय घेऊ नका. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलं असेल तर गोष्ट वेगळी: पाती वेळेत मिटत नाहीत आणि लहान ॲपर्चरच्या फ्रेम दाट येतात. लेन्स काढून, पुढून टॉर्च मारून पाती बघितली की तेलाची चमक लगेच दिसते.

फिल्म नसेल त्या आठवड्यांतही मी सगळ्या स्पीडवर शटर चालवते. माझी लेन्स जुन्या 'सी' मालिकेतली, आत काँपुर शटर असलेली आहे. १९८२पासून आलेल्या 'सीएफ' लेन्समध्ये प्रोंटर शटर आहे. जुन्या काँपुरचे भाग मिळवणं आता कठीण, म्हणून तिला मी जास्त जपते. तिच्यावर एम, एक्स आणि व्ही अशी खूण असलेली छोटी खिट्टी आहे. एम आणि एक्स फ्लॅशसाठी. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. त्याला मी हात लावत नाही. जुन्या लेन्समध्ये ते यंत्र अडकलं तर शटरही त्याच्याबरोबर अडकतं.

अडकण्यावरून एक सांगते, कारण या कॅमेऱ्याची भीती बहुतेकांना इथेच वाटते. बॉडी आणि लेन्स एका दांड्याने जोडलेल्या असतात. बदलताना दोन्ही चावी दिलेल्या अवस्थेत हव्यात. लेन्सच्या मागच्या दांड्यावरची खाच लाल ठिपक्यासमोर असली म्हणजे लेन्स तयार. नसेल तर रुंद टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने खाच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 'टिक' होईपर्यंत फिरवायची. एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे जवळून फोटो काढायला बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायची नळी, वापरताना ट्यूब आधी बॉडीला, मग लेन्स ट्यूबला. काढताना लेन्स आधी, मग ट्यूब. हा क्रम मोडला की सगळं अडकतं, आणि मग माणसं जोर लावतात. जोर लावू नका. क्रँक अडली तर थांबा. इथे जबरदस्तीने फिरवलेला एक वळसा आणि मोडलेला दांडा यांत फारसं अंतर नाही.

स्वच्छतेचं फार सांगण्यासारखं नाही. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. आरशाला कधीच हात नाही, त्याचा चमकता थर काचेच्या वरच्या बाजूला असतो. दमट हवेत लेन्स बंद चामड्याच्या पेटीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारी छोटी तबकडी ठेवावी, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू द्यावा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि नुसती पुसून जात नाही. ती कोटिंग खाते, आणि खाल्लेलं कोटिंग परत येत नाही.

माझा कॅमेरा दुरुस्त करणारे काका आता उतारवयात आहेत. गेल्या वेळी लेन्स घेऊन गेले तेव्हा मी निगेटिव्हची पट्टीही बरोबर नेली होती. त्यांनी लेन्सकडे बघितलंही नाही, पट्टी खिडकीशी धरली आणि म्हणाले, "ताई, हे बरं केलंत. लोक नुसता कॅमेरा आणतात आणि म्हणतात, फोटो नीट येत नाही." मग हळू स्पीडचं ग्रीस, ॲपर्चरची पाती, मागचे पडदे, अशी कामाची यादी त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितली.

१९६९ला अपोलो ११ने चंद्रावर नेलेला कॅमेराही याच घराण्यातला. परतताना फिल्मची मॅगझिनं आणली, कॅमेरा वजन वाचवायला तिथेच सोडला. मला ते वाचून नेहमी हळहळ वाटते, पण निर्णय योग्य होता. जपायचं होतं ते फिल्मवर होतं.

काकांकडे आता बॉडी दिलीय, आरशाच्या फोमसाठी. अजून बिघाड नाही, पण तिरक्या कागदाच्या चाचणीत धार खुणेच्या ओळीवरून एक ओळ मागे सरकलीय, दोन्ही लेन्सना. कॅमेऱ्याबरोबर तो रोलही दिलाय, न कापता.