रॅटनबरीच्या दोन इमारती

व्हँकुव्हरहून व्हिक्टोरियाला जायला फेरीने दीडेक तास लागतो. डेकवर वारा असा झोंबत होता की भाचीची शाल डोक्यावरून घेऊन मी एसटीतल्या आजीबाईसारखी अंग चोरून बसले होते.

व्हिक्टोरियाच्या बंदरावर पोचलं की दोन इमारती नजर सोडत नाहीत. एक एम्प्रेस हॉटेल आणि दुसरं ब्रिटिश कोलंबिया या कॅनडाच्या प्रांताचं विधानभवन. दोन्ही फ्रान्सिस रॅटनबरी या आर्किटेक्टची. एम्प्रेस १९०८ साली उघडलं, तेही भरतीचं पाणी शिरायचं त्या चिखलात भराव टाकून. भराव म्हटलं की मुंबईकराचे कान टवकारतातच!

रॅटनबरी लीड्सचा. १८९२ मध्ये इकडे आला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत विधानभवनाची स्पर्धा जिंकून बसला. वय २५. आराखड्यांवर खरं नाव घालायचं नव्हतं, तर याने टोपणनाव घेतलं ‘बी.सी. आर्किटेक्ट’, बी.सी. म्हणजे ब्रिटिश कोलंबिया. जणू बापजाद्यांपासून इथलाच! पाच लाख डॉलरचं काम नऊ लाखांच्या वर गेलं. पण १८९८ साली उभं राहिलं ते देखणंच. हॅडिंग्टन बेटावरचा करडा दगड, हिरवट तांब्याचे घुमट, सगळ्यात वर दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरचा सोन्याने मढवलेला पुतळा. अंधार पडला की तीन हजारांवर दिवे इमारतीच्या कडाकडांनी लागतात. आपल्या दिवाळीतल्या माळांसारखे, फक्त शिस्तीत.

या माणसाचा शेवट मात्र चटका लावणारा. पहिल्या बायकोला सोडून अल्माशी लग्न केलं, त्या भानगडीत गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही, म्हणून इंग्लंडला परतला. तिथे १९३५ मध्ये बोर्नमथच्या घरात, खुर्चीत बसलेला असताना, अल्माच्या प्रियकराने, म्हणजे घरच्याच १८ वर्षांच्या ड्रायव्हरने, लाकडी हातोडा डोक्यात घातला.

विधानभवनाच्या सभागृहाच्या गॅलरीत उभी होते तेव्हा मात्र मनात रॅटनबरी नव्हता. १९०७ साली याच भवनातून हिंदुस्थानी लोकांचा मतदानाचा हक्क काढून घेतला गेला. शीख असो की मुसलमान, कायद्याच्या लेखी सगळे ‘हिंदू’. तो हक्क परत मिळायला १९४७ उजाडलं. १९१४ मध्ये कोमागाता मारू ही बोट ३७६ हिंदुस्थानी प्रवासी घेऊन आली आणि दोन महिने व्हँकुव्हरच्या बंदरात अडकवून ठेवली गेली. मोजके सोडले तर कुणालाच उतरू दिलं नाही. त्याबद्दल याच सभागृहाने माफी मागितली ती २००८ मध्ये.

दुसऱ्या दिवशी व्हँकुव्हरची आर्ट गॅलरी. इमारत मुळात कोर्टाची, १९११ मध्ये पुरी झालेली, आणि तीही रॅटनबरीचीच. १९८३ पासून तिथे चित्रं आहेत. जॉर्जिया स्ट्रीटच्या बाजूला दोन दगडी सिंह अजून पहारा देतात. पायऱ्यांवर कॉलेजची पोरं डबे उघडून बसली होती.

कोमागाता मारू परत धाडल्यानंतर तीन महिन्यांनी, २१ ऑक्टोबर १९१४ रोजी, याच कोर्टात इथल्या शिखांपैकी मेवा सिंग यांनी विल्यम हॉपकिन्सनला गोळ्या घातल्या. हॉपकिन्सन इमिग्रेशन खात्याचा माणूस, आधी कलकत्त्याच्या पोलिसांत होता. इथल्या शिखांमध्ये खबरे पेरून तो पाळत ठेवायचा. त्या दिवशी तो कोर्टात आला होता तो अशाच एका खबऱ्याच्या खटल्यात साक्ष द्यायला. मेवा सिंगांनी गुन्हा कबूल केला आणि ११ जानेवारी १९१५ ला ते फाशी गेले.

भाची म्हणाली, “मावशी, मी इथे चारदा तरी आलेय. हे मला कुणी सांगितलंच नाही गं.”

तिकिटं काढून आत गेलो. ती चित्रांकडे वळली. मी जिने आणि बोळ बघत राहिले.