पद्मशाली विणकराचं घर (१:१२), तिसरा टप्पा : खड्ड्याचा माग

मंडळी, सोलापुरातल्या पद्मशाली (तेलुगू भाषक विणकर समाज) घराचं खऱ्याच्या बाराव्या हिश्शाचं छोटं मॉडेल करतोय. मागच्या वेळी भिंती आणि माळवदापर्यंत आलो होतो. या महिन्यात फक्त माग झाला, आणि तोही दोनदा करावा लागला.

आधी खड्डा. सोलापुरातला जुना हातमाग जमिनीलगत असायचा. विणकर खड्ड्याच्या काठावर बसायचा आणि पाय खाली पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर. अडीच फुटांचा खड्डा म्हणजे आपल्या मापात अडीच इंच, आणि माझा पाया होता इंचभर जाडीच्या प्लायचा. अख्खं घर उचलून खाली तीन इंचांची चौकट बसवली, तेव्हा कुठे पावड्या मोकळ्या हलू लागल्या. असा माग करणार असाल तर भिंतींच्या आधी खड्डा करा.

दुसरी चूक सालाची. घर १८८० चं धरलंय. रेल्वे सोलापुरात १८६० साली आली, पहिली गिरणी १८७७ ची, आणि १८७६ ते ७८ चा दुष्काळ नुकता सरलेला. मी मात्र फणीच्या (धागे ठोकून बसवणाऱ्या चौकटीच्या) दोन्ही बाजूंना पेट्या आणि वर ओढायची दोरी लावून बसलो. तो झटक्याचा माग, दोरी ओढली की धोटा (आडवा धागा नेणारा) एका पेटीतून दुसरीत पळतो. आपल्याकडच्या विणकरांच्या घरात तो शिरला विसाव्या शतकात. १८८० मध्ये धोटा एका हातानं फेकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा, त्यामुळे पन्हाही (कापडाची रुंदी) हात पोचेल तेवढाच. पेट्या काढल्या, फणी नव्यानं केली. पन्हा पावणेचार इंच, त्यात १५० धागे. हे धागे वहीतून (धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या फासांतून) ओवायला चार रात्री गेल्या.

सगळ्यात आवडलेला भाग ताण्याचा (कापडाच्या उभ्या धाग्यांचा) दोर. ताण्याचं पलीकडचं टोक दोराला बांधलेलं असतं. तो दोर समोरच्या खुंटाला वळसा घालून परत विणकराच्या उजव्या हाताशी येतो. कापड पुढे सरकलं की बसल्या जागेवरून दोर सैल करायचा, उठायला नको. मॉडेलमध्येही तो खरोखर सुटतो!

सूत कातणारी बाई ठेवलेली नाही. या घरात सूत विकतच यायचं. बाई रहाटावर कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरते आहे, शेजारी मुलगा तुटलेले धागे जोडतोय. माझी आजी अशाच कांड्या भरायची आणि मागाला तेलुगूत ‘मग्गम’ म्हणायची, म्हणून बाईची बैठक मी तिच्यासारखी केली, एक गुडघा वर.

मागावरचं लुगडं निळं, काठ तांबडे. शिवणाचा पांढरा दोरा खऱ्या निळीत तीनदा बुडवला. तांबड्यासाठी परदेशी अ‍ॅलिझरिन तोवर बाजारात आलं होतं, पण मी आल नावाच्या झाडाच्या मुळांचा विटकरी रंगच निवडला. निळीशेजारी तोच शोभतो.

पुढचा टप्पा पांजणीचा. सकाळी ऊन चढायच्या आत बोळात ताणा पसरून त्याला खळ लावतात, कुंच्यानं धागे मोकळे करतात. दोन नऊवारी लुगड्यांचा ताणा ५४ फूट, म्हणजे आपल्याकडे साडेचार फूट, आणि माझं टेबल चार फुटांचं. बोळासाठी वेगळी फळी जोडावी लागेल. ताण्याखाली बांबूच्या कैच्या (ताणा उचलून धरणारे फुलीसारखे टेकू) हव्यात, साधारण सोळा. उदबत्तीच्या काड्या फार गुळगुळीत दिसतात. बांबू चिरून इतक्या बारीक काड्या कुणी काढल्या असतील, तर कोणत्या पात्यानं काढल्या ते सांगा.